पंप पाणी चढवत नाही, फिरवतो!

‘पंप’ म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? हॉस्टेलच्या मागची ती मोटर, जी सकाळी सहाला घरघर करून अख्ख्या विंगला उठवते आणि सम्पमधलं पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवते. किंवा गावाकडची, विहिरीवरची. म्हणजे आपल्या हिशेबाने पंपाचं काम एकच, पाणी खालून वर नेणं.

पण पंपांची दुसरीही एक जात आहे. हे पंप पाणी कुठेही चढवत नाहीत. तेच ते पाणी गोल गोल फिरवत राहतात, दिवसरात्र, महिनोन्‌महिने. यांना सर्क्युलेशन पंप म्हणतात. आकाराने नारळाएवढे, आवाज जवळजवळ नाहीच. थंड देशांत अख्खं घर उबदार ठेवायचं काम यांच्यावर असतं. या पंपांची निवड कशी करायची आणि ते बसवायचे कसे, हे मला गेल्या वर्षी एका खऱ्याखुऱ्या घरासाठी समजून घ्यावं लागलं. सेकंड इयरला फ्लुइड मेकॅनिक्समध्ये शिकलेलं जवळजवळ सगळं त्यात कामाला आलं, म्हणून हा लेख. (मी कॉन्व्हेंटची. ‘घर्षण’ हा शब्दसुद्धा मला आठवून लिहावा लागतो. संपादकांनी ‘इंग्रजी शब्द चालतील, पण देवनागरीत’ अशी सूट दिली, तिचा पुरेपूर फायदा घेतला आहे.)

अंगणातला बंब

आपल्याकडे जुन्या घरांत तांब्याचा बंब असायचा. मधल्या नळीत जाळ, भोवती पाणी, खाली तोटी. अमेरिकेतल्या मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन या राज्यांत आणि कॅनडातही ग्रामीण भागात याच तत्त्वावरची एक मोठी भट्टी घराबाहेर अंगणात ठेवतात. दिसायला पत्र्याच्या छोट्या खोलीसारखी, वर चिमणी. आत लोखंडी फायरबॉक्स, त्यात मोठमोठे ओंडके घालायचे. फायरबॉक्सच्या चहूबाजूंनी पाणी, काहीशे लिटरपासून हजार-दीड हजार लिटरपर्यंत. हे पाणी साधारण ७० ते ८५ अंश सेल्सिअसला ठेवतात. जमिनीखालून दोन पाइप घरात जातात. एकातून गरम पाणी जातं, दुसऱ्यातून उष्णता देऊन परत येतं.

भट्टी बाहेर का? कारण आग, राख, धूर, लाकडाच्या साली आणि त्यातले किडे सगळं घराबाहेर राहतं. आणि लाकूड दिवसातून एकदोनदा घातलं की भागतं.

या भट्टीचं एक महत्त्वाचं वैशिष्ट्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. बहुतेक भट्ट्यांमधलं पाणी प्रेशरखाली नसतं. वर एक व्हेंट असतो आणि तो हवेला उघडा असतो. त्यामुळे पाणी जास्त तापलं तर वाफ बाहेर निघून जाते, टाकी फुटत नाही. हा व्हेंट कधीही, कुठल्याही कारणाने बंद करायचा नाही. बंद केलात तर बंबाचा बॉम्ब होईल.

माझा आतेभाऊ मिनेसोटात डुलुथच्या जवळ राहतो. जुनं दुमजली घर, तळघर, घरात वहिनी आणि दोन छोटी मुलं. तिथे हिवाळ्यात पारा शून्याखाली २५ अंशांपर्यंत सहज जातो. प्रोपेन गॅसवर घर तापवायचं बिल बघून दादाने अशी भट्टी घ्यायचं ठरवलं. लाकूड स्वतःच्याच जमिनीतलं. भट्टी घरापासून ३० मीटरवर. सामान विकणाऱ्या एका दुकानदाराने त्याला सांगितलं, ‘घर दुमजली आहे, अंतरही आहे, सगळ्यात मोठा पंप घ्या. पाइप एक इंची पुरेल.’ दादाने फोनवर मला विचारलं, “अगं, तू मेकॅनिकलला आहेस ना? हे बरोबर आहे का ते सांग. नोव्हेंबरात जमीन गोठायच्या आत चर खणून पाइप टाकायचाय. एकदा बुजवलं की विषय संपला.”

म्हणजे परीक्षा खरी होती. पेपरात उत्तर चुकलं तर दोन मार्क जातात. इथे चुकलं तर जानेवारीत घर थंड आणि पाइप दीड मीटर गोठलेल्या जमिनीखाली.

पंप लागतोच कशाला?

पहिला प्रश्न हा पडतो, कारण आपल्या गच्चीवरच्या सोलर हीटरला पंप नसतो. तिथे पॅनेल खाली आणि टाकी वर असते. गरम पाणी हलकं, ते आपोआप वर जातं. थंड पाणी जड, ते खाली येतं. याला थर्मोसायफन म्हणतात. फुकटचं सर्क्युलेशन!

मग भट्टीला हे का चालत नाही? आकडे बघा. ८० अंशांना पाण्याची घनता साधारण ९७२ किलो प्रति घनमीटर आणि ६० अंशांना ९८३. फरक ११ चा. समजा, तापलेल्या आणि निवलेल्या पाण्याच्या उभ्या स्तंभांची उंची २ मीटर मिळाली. तर पाणी ढकलणारा दाब भरतो जेमतेम सव्वादोन सेंटिमीटर पाण्याइतका. आणि ३० मीटर जाऊन ३० मीटर परत यायचं, तर घर्षणाला लागतात काही मीटर. सव्वादोन सेंटिमीटरच्या जोरावर ते होणार नाही. शिवाय तळघर बऱ्याचदा भट्टीच्या खाली असतं, म्हणजे गरम पाण्याला उलट्या दिशेने जायला सांगण्यासारखं. म्हणून पंप हवाच.

दुमजली घराचा गैरसमज

आता दुकानदाराचं वाक्य तपासू. ‘घर दुमजली आहे म्हणून मोठा पंप.’ ऐकायला अगदी पटतं. पण जत्रेतला आकाशपाळणा आठवा. एका बाजूचे पाळणे वर चढतात तेव्हा दुसऱ्या बाजूचे तेवढेच खाली उतरत असतात. दोन्हींची वजनं एकमेकांना तोलतात. मोटरला फक्त बेअरिंगचं घर्षण भागवायचं असतं.

पाण्याने पूर्ण भरलेला बंद लूप असाच असतो. वर चढणाऱ्या पाण्याला उतरणारं पाणी तोलून धरतं. त्यामुळे पाणी फिरवताना उंचीचा हिशेब शून्य होतो आणि पंपाला लढावं लागतं ते फक्त घर्षणाशी. अट एकच, पाइपात हवा नको. मध्येच हवेचा मोठा बुडबुडा अडकला की हा तोल बिघडतो.

दादाच्या घरात तर दोन वेगळे लूप आहेत. पहिला भट्टी ते तळघर. तळघरात एक प्लेट हीट एक्स्चेंजर बसतो. स्टीलच्या पातळ पत्र्यांची ही गड्डी. एका बाजूने भट्टीचं पाणी, दुसऱ्या बाजूने घरातल्या रेडिएटरचं पाणी, दोन्ही न मिसळता उष्णता देवघेव करतात. दुसरा लूप तळघर ते दोन्ही मजल्यांवरचे रेडिएटर. हा बंद आणि प्रेशरखालचा. तिकडे थंड असताना साधारण १२ पीएसआयला भरतात, म्हणजे सुमारे ८ मीटर पाण्याचा स्तंभ. दुसऱ्या मजल्याला तो पुरतो. प्रत्येक लूपला एक पंप. म्हणजे दुमजली घराचा आणि बाहेरच्या पंपाचा संबंधच उरत नाही!

आधी पाइप, मग पंप

आता खरं गणित. ते तीन पायऱ्यांत होतं.

पायरी पहिली: उष्णता किती? दादाच्या जुन्या घराला कडाक्याच्या थंडीत ताशी १ लाख बीटीयू लागतात, म्हणजे सुमारे २९ किलोवॉट.

पायरी दुसरी: पाणी किती? भट्टीतून ८० अंशांना निघालेलं पाणी ६९ ला परत यावं असं धरलं, फरक ११ अंश. आपलं नेहमीचं सूत्र: उष्णता बरोबर वस्तुमान गुणिले विशिष्ट उष्णता गुणिले तापमानातला फरक. उत्तर येतं सेकंदाला ०.६३ किलो, म्हणजे मिनिटाला ३८ लिटर. तिथले प्लंबर हेच एका ओळीत करतात: ताशी बीटीयू बरोबर ५०० गुणिले गॅलन प्रति मिनिट गुणिले फॅरनहाइटमधला फरक. हे ५०० कुठून आले? एक अमेरिकन गॅलन पाणी ८.३३ पौंडांचं, आणि तासाची ६० मिनिटं. गुणून बघा. १० गॅलन, २० अंश फॅरनहाइट, बरोबर १ लाख.

पायरी तिसरी: घर्षण किती? इथेच सगळी गंमत आहे. तिकडे पेक्स नावाचा, उष्णता सोसणारा प्लास्टिक पाइप वापरतात. एक इंची पेक्सचा आतला व्यास खरं तर २२ मिलिमीटरच असतो. मिनिटाला ३८ लिटर त्यातून पाठवले तर वेग होतो सेकंदाला १.७ मीटर आणि जाऊन-येऊन ६० मीटरला हेड जातं जवळजवळ ७ मीटर. सव्वा इंची पाइप घेतला, आतला व्यास २७ मिलिमीटर, तर तेच हेड फक्त २.७ मीटर! व्यास पाव पटीनेही वाढला नाही आणि घर्षण चाळीस टक्क्यांवर आलं. कारण ठरावीक प्रवाहाला घर्षण व्यासाच्या जवळपास पाचव्या घाताने बदलतं. डार्सीचं सूत्र पाठ करताना हा पाचवा घात कुणाच्या लक्षात येत नाही, पण चर खणताना येतो.

एक्स्चेंजर, एल्बो, व्हॉल्व्ह यांचे सव्वा-दीड मीटर धरू. म्हणजे सव्वा इंचीला एकूण ४ मीटर, एक इंचीला सव्वाआठ. लहान सर्क्युलेशन पंपाची एफिशियन्सी २५ टक्के धरली तर पहिल्याला साधारण १०० वॉट वीज लागेल, दुसऱ्याला २००. पंप सहा महिने चोवीस तास चालतो. १०० वॉटच्या फरकाचे दर हिवाळ्यात ४४० युनिट होतात. दरवर्षी, भट्टी असेपर्यंत!

मी आणि माझी रूममेट हे गणित तीन वेळा करून बसलो आणि दादाला एकच निरोप दिला: “पंप नंतर बघू, आधी पाइप सव्वा इंची घे.” पंप दोन तासांत बदलता येतो. पुरलेला पाइप बदलता येत नाही. माझ्या मते या सगळ्या विषयाचं सार एवढंच आहे.

पंपाच्या डब्यावरचे आकडे

पंपाच्या डब्यावर दोन मोठे आकडे असतात: जास्तीत जास्त हेड आणि जास्तीत जास्त प्रवाह. हे दोन्ही एकाच वेळी कधीच मिळत नाहीत. जास्तीत जास्त हेड मिळतं तेव्हा प्रवाह शून्य असतो आणि जास्तीत जास्त प्रवाह मिळतो तेव्हा हेड शून्य. आपल्याला पाहिजे मधला बिंदू: ३८ लिटरला ४ मीटर. तो पंपाच्या कर्व्हवर शोधायचा. लॅबमध्ये आपण सेंट्रिफ्यूगल पंपाचा जो कर्व्ह काढतो, तोच हा.

आणि दुप्पट हेडचा पंप लावला तर पाणी दुप्पट होत नाही. घर्षण प्रवाहाच्या साधारण वर्गाने वाढतं, त्यामुळे प्रवाह वाढतो फार तर १.४ पट. घराला मिळणारी उष्णता तर तेवढीही वाढत नाही. वाढतो तो आवाज आणि बिल.

पंप बसवायचा कुठे?

आता मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेला तो उघडा व्हेंट. भट्टीतल्या पाण्यावर फक्त हवेचा दाब आहे, सुमारे १० मीटर पाण्याइतका. पण पाणी गरम आहे. ८० अंशांना पाण्याचा बाष्पदाब साधारण ५ मीटर होतो, ९० ला सव्वासातच्या पुढे. म्हणजे पंपाच्या सक्शनला खेळायला जागा उरते ८० अंशांना साडेपाच मीटर आणि ९० ला जेमतेम तीन-सव्वातीन. यालाच आपण एनपीएसएच म्हणतो.

आता समजा एक इंची पाइप टाकला आणि पंप घराच्या टोकाला लावला. तर ३० मीटर पाइपातून ओढून घेतानाच साडेतीन मीटर खर्च होणार. ८० अंशांना कसंबसं भागेल, पण ९० ला पाणी पंपाच्या तोंडाशीच उकळायला लागेल. इम्पेलरमध्ये वाफेचे बुडबुडे फुटतील, पंपात खडे भरल्यासारखा आवाज येईल. हेच कॅव्हिटेशन. भट्टी खाली आणि घर चढावर असेल तर परिस्थिती आणखी वाईट.

म्हणून नियम असा: पंप शक्यतो भट्टीच्या मागे, खालच्या बाजूला, गरम पाणी निघतं तिथेच लावावा. पंपाने लांबून ओढू नये, पुढे ढकलावं. तळघर भट्टीपेक्षा बरंच खाली असेल आणि पाइप मोठा असेल तर तळघरातही चालतो, कारण वरच्या पाण्याचा दाब मदतीला येतो. शिवाय पंप उबेत राहतो आणि दुरुस्तीला बर्फात जावं लागत नाही. लूपच्या सगळ्यात उंच बिंदूवर मात्र कधीच लावू नये. तिथे हवा साठते.

बसवताना काय काय बघायचं?

१) पंपाच्या दोन्ही बाजूंना फ्लँजसकट बॉल व्हॉल्व्ह हवेत. पंप बदलायची वेळ आली तर दोन व्हॉल्व्ह बंद, चार बोल्ट सैल, काम झालं. नाहीतर अख्ख्या भट्टीचं पाणी काढावं लागेल.

२) शाफ्ट आडवाच पाहिजे. या पंपांत मोटरचा रोटर पाण्यातच फिरतो आणि बेअरिंगला वंगण म्हणून तेच पाणी असतं. शाफ्ट उभा राहिला तर वरच्या टोकाला हवा अडकते आणि बेअरिंग कोरडं पडतं.

३) बॉडीवर बाण असतो. पाणी त्या दिशेनेच जाणार. पाणी खालून वर जाईल असा बसवला तर हवा आपोआप निघून जाते.

४) सिस्टीम भरताना घराच्या टोकाकडून नळाच्या प्रेशरने भरत जायचं. हवा पुढे ढकलली जाऊन भट्टीच्या व्हेंटमधून निघते. पाणी पूर्ण भरल्याशिवाय पंपाचं बटन दाबायचं नाही. कोरडा चालवला की बेअरिंग गेलंच म्हणून समजा.

५) उघड्या सिस्टीममध्ये ऑक्सिजन सतत पाण्यात विरघळतो आणि लोखंड गंजतं. म्हणून पाण्यात गंजरोधक केमिकल घालतात आणि दरवर्षी पाण्याचा नमुना तपासतात. हे टाळलं तर आधी पंप जाम होतो, मग भट्टी सडते.

६) परत येणारं पाणी फार थंड नको, ६० अंशांच्या आसपास तरी हवं. त्याहून बरंच थंड असेल तर धुरातली वाफ फायरबॉक्सच्या भिंतींवर निवते आणि चिकट, आम्लयुक्त थर जमतो. त्यासाठी थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्ह लावतात.

७) वायरिंग अर्थिंगसकट आणि तिथल्या लायसन्सवाल्या माणसाकडून. पाणी आणि वीज शेजारी-शेजारी असताना हुशारी दाखवायची नसते.

लाइट गेली तर?

आपल्याकडे लाइट गेली की फार तर पंखा बंद. तिथे पंप बंद झाला की दोन संकटं एकदम येतात. भट्टीत उष्णता साठत जाते आणि भट्टीबाहेरच्या पाइपात पाणी गोठू शकतं. पाणी गोठताना जवळजवळ ९ टक्के फुगतं, आणि त्यापुढे पितळेचं फिटिंगही टिकत नाही. म्हणून थंडीत पंप चोवीस तास चालूच ठेवतात आणि जोडीला बॅटरी-इन्व्हर्टर किंवा जनरेटर असतो. इथे पुन्हा आपलं गणित कामाला येतं: १०० वॉटचा पंप त्याच बॅटरीवर २०० वॉटच्या पंपापेक्षा दुप्पट वेळ चालतो. मध्यरात्री वीज गेली तर हा फरक मोलाचा.

पाइप किती खोल? मिनेसोटाच्या बांधकाम नियमांत गोठणाऱ्या जमिनीची खोली दक्षिणेत साडेतीन फूट आणि उत्तरेत ५ फूट धरलेली आहे. खोलीपेक्षाही महत्त्वाचं म्हणजे पाइपचं इन्सुलेशन चांगलं आणि वॉटरप्रूफ हवं. चरात पाणी शिरलं तर ते उष्णता पळवून नेतं. एखाद्याच्या अंगणात सगळीकडे बर्फ आणि भट्टीपासून घरापर्यंत मात्र एक ओली, हिरवी पट्टी दिसली, तर समजावं की हा माणूस लाकूड जाळून गवत तापवतोय.

धुराचीही गोष्ट सांगायला हवी. जुन्या भट्ट्या शेजाऱ्यांना फार त्रास द्यायच्या. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने २०१५ मध्ये नव्या भट्ट्यांसाठी देशभर नियम केले आणि मे २०२० पासून ते आणखी कडक झाले. तरीही ओलं लाकूड जाळलं तर कुठलीही भट्टी धूर करणारच. लाकूड फोडून, रचून, २० टक्क्यांच्या खाली ओलावा येईपर्यंत वाळवायचं, हे काम कुठलाही पंप करून देत नाही.

निष्कर्ष

दादाने सव्वा इंची पाइप टाकला, मध्यम पंप भट्टीमागे लावला, दुसरा छोटा पंप तळघरात रेडिएटरच्या लूपला. डुलुथच्या पहिल्या कडक थंडीत त्याने थर्मामीटर वाचून फोन केला: जाताना ८०, येताना ६८-६९. वहिनी म्हणाली, “मुलं घरात अनवाणी फिरतायत.” मला व्हायव्हामध्ये कुणी इतकं चांगलं ‘व्हेरी गुड’ अजून म्हटलेलं नाही!

तर मंडळी, पुढच्या वेळी कुणी म्हणालं, ‘पाणी येत नाही, मोठी मोटर लावा,’ तर आधी तीन प्रश्न विचारा. पाणी किती पाहिजे? पाइप केवढा आहे? आणि पंप चढवतोय की फिरवतोय? बऱ्याच वेळा उत्तर पंपात नसतं, पाइपात असतं. आणि आपल्या विंगच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गीझरच्या लाइनबद्दल मला जे वाटतं, ते रेक्टर सरांनी विचारलं तर गणितासकट सांगीन!